इथे आबा नावाचा इसम नाही

३ जानेवारी, शुक्रवार

आज पार्सल टाकलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सोबत नेलं नाही.

तिसरीतून मेंढरांमागं गेले ती सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा पाटीपुढं बसले. साक्षरतेच्या वर्गातल्या सरोजिनीबाई म्हणाल्या, "रोज चार ओळी लिहा म्हाळसाबाई, नाहीतर आलेली अक्षरं परत जातील. तोंडात 'हाय' राहू दे, वहीत 'आहे' लिहा." म्हणून ही वही. रोज लिहीत नाही. रोज लिहायला रोज घडतं काय?

पार्सलात घोंगडं आहे, बाळापुरतं. लोकर आमच्या ह्यांनी कातरलेली शेवटची. ते गेले, मेंढरं विकली, लोकरीचं पोतं मी ठेवलं. इंद्रायणी, म्हणजे सून, दर दिवाळीला म्हणायची, "आत्याबाई, त्या पोत्यात उंदरं हुतील." झाली नाहीत. मी कातली, सनगराकडून विणून घेतली, चिंचोक्याची खळ दिली. आमच्या घराण्यात पोराचं नाव ठेवतात ते घोंगड्यावर ठेवून. माझ्या बिरूचं तसं झालं, बिरूच्या पोराचं तसं झालं. आता त्या पोराला पुण्यात मुलगी झाली आहे. बारसं सव्वीस तारखेला.

त्या पोराला, माझ्या नातवाला, त्याच्या आजोबांचं नाव ठेवलेलं आहे. नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये. मग नातवाचं तरी कसं घेणार? म्हणून मी त्याला आबा म्हणते. लिहीतही नाही. तोंडाला चालत नाही ते हाताला कसं चालेल? वर्गात एकदा शुद्धलेखनात उडत्या मातीचा शब्द आला, तो त्या नावासारखाच. मी जागा मोकळी सोडली. एक मार्क गेला. जाऊ दे.

मांजरपाटात घोंगडं शिवलं, दाभणानं, काळ्या लोकरीच्या धाग्यानं. वर पत्ता मी स्वतः लिहिला. पोस्टाच्या खिडकीत शिवयोगी म्हणून एकजण बसतो. चष्मा नाकावर, नाक आभाळात.

"आज्जी, घेणाऱ्याचं पूर्ण नाव?"

"लिवलंय की."

"'चि. आबा, म्हाळसाबाईचा नातू, इंद्रधनू सोसायटी, हडपसर, पुणे.' हे काय नाव झालं?"

"का? आबाला आबा न्हाय तर काय म्हणत्यात?"

"घर नंबर?"

"घर विचारलं की कुणीबी दावंल."

"पुण्यात?" म्हणाला आणि शेजारच्या बाईकडं बघून हसला. मग मोबाईल नंबर मागितला. मी म्हटलं, नंबर मिळणार नाही. मागच्या गल्लीतल्या बाईला फोन आला होता, तुमचं पार्सल अडकलंय, आकडा सांगा. तिनं आकडा सांगितला आणि बँकेतलं सगळं गेलं. ह्या चोरांना नंबर देतं कोण? असलाच कुणीतरी खिडकीतला.

पाठवणाऱ्याच्या जागी मी लिहिलं, 'म्हाळसाबाई, बिरूची आई, विजापूर रोड, सोलापूर.' तो म्हणाला, "तुमचं तरी पूर्ण नाव लिवा." पूर्ण नावात मधे ते येतात. मी म्हटलं, "हाय तेवढं पुरं हाय."

"परत आलं तर माझ्याकडं भांडायला यायचं न्हाय, आज्जी."

टाकायच्या आधीच परत यायची भाषा. माणूस बरा नाही.

६ जानेवारी, सोमवार

पोहोचलं असेल. फोन नाही.

बिरूनं विचारलं, "आये, पत्ता कुणाकडनं लिवून घेतलास?"

"मला हात न्हाईत का?"

"नाव काय घातलंस?"

"घालायचं तेच."

तो टेम्पो घेऊन गेला. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे, खेळणी, दुकानांचे पत्रे, सगळं ह्याच्याच टेम्पोत. आईला विचारायला वेळ सापडतो तो नेमका उलटतपासणीपुरता.

१० जानेवारी, शुक्रवार

पुण्याहून फोन आला. आबाचा नाही, त्याच्या बायकोचा. देवयानी. मास्तरांच्या घरची, बोलणं असं की साखरेत मुंगी बुडावी.

"आजी, तुम्ही काहीतरी पाठवलंय असं बाबा म्हणाले. कुठल्या नावानं पाठवलंत? म्हणजे मी गेटवर सांगून ठेवते."

बघा. गेटवर सांगून ठेवते म्हणे. काय सांगून ठेवणार, ते मला कळत नाही का? पहिलं हिला कळायला पाहिजे की काय आलं, मग ठरवणार घ्यायचं की नाही. लग्नात आमच्या पाहुण्यांनी घोंगडी पांघरली होती, तेव्हा हिच्या मावशीनं नाकाला पदर लावला होता. मी बघितलं होतं. मी सगळं बघते.

मी म्हटलं, "पाठीवलंय आबाच्या नावानं. आलं की कळंल."

तेवढ्यात पोरगी रडली, आणि ही तिकडं तोंड करून ओरडली, " ——, दुपटं आण ना!" इथे मी रेघ मारते. नवऱ्याला नावानं हाक! आणि नाव कुणाचं? ज्या माणसाला सासूसुद्धा 'अहो जावई' म्हणायची त्याचं. त्याला म्हणते दुपटं आण. लग्नानंतर पहिल्या जेवणाला आले होते दोघं, तेव्हाही ही त्याच नावानं म्हणाली होती, गॅस बंद कर, टॉवेल उचल. माझ्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली होती. तेव्हापासून मी पुण्याला गेले नाही. ते कारण मी कुणाला सांगितलं नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगते.

फोन ठेवताना म्हणाली, "आजी, बारशाला याल ना? मी वाट बघतेय."

गोड बोलणाऱ्याचा हिशेब कडू असतो.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. बाजरीची भाकरी, तीळ, मिक्स भाजी. इंद्रायणीनं भाजीत वांगं कमी घातलं, मला वांगं आवडतं म्हणून.

पार्सलाचा पत्ता नाही. आज पोस्टमन गल्लीत आला होता. दारासमोरून सायकल हळू नेली, कागदाकडं बघितलं, दाराकडं बघितलं, पलीकडच्या घरात काहीतरी विचारलं आणि गेला. मी खिडकीआडून बघत होते. चोर असाच आधी घर बघून जातो. मी बाहेर गेले नाही. माझं घोंगडं ह्यानंच खाल्लं असणार, आता बघायला आला असेल की म्हातारी अजून गप्प आहे का.

पलीकडच्या बाईला नंतर विचारलं, काय म्हणत होता? ती म्हणाली, "कुणी बिरूची आई ऱ्हाते का, असं विचारत हुता. मी म्हटलं हितं बिरुदेव बंडगर ऱ्हात्यात, बिरू कोण मला ठाव न्हाय." चांगलं केलं तिनं. माझी चौकशी करतो मेला.

१६ जानेवारी, गुरुवार

आज कळलं.

पावती मी कमरेच्या पिशवीत ठेवली होती. इंद्रायणी रोज म्हणायची, द्या, मोबाईलमध्ये बघते. मी देत नव्हते, कारण हिचाही भरवसा नाही. घोंगडं हिच्या पोराला गेलं ते ठीक, पण लोकरीचं पोतं मी हिला कधी हात लावू दिलं नाही, ते हिच्या मनात आहे. शेवटी आज दिली. तिनं मोबाईलवर बोट फिरवलं आणि तोंड बारीक केलं.

"आत्याबाई, पार्सल पुण्यात पोचलं हुतं."

"मग?"

"घेणारं सापडलं न्हाय म्हणून परत पाठीवलंय. पाठवणाऱ्याला."

"सापडलं न्हाय? आबा काय हरवलाय काय?"

"मी देवयानीला फोन लावू का?"

"लाव, मंजी ती अजून चार थापा रचंल!"

झालं. गेटवर सांगून ठेवते म्हणाली होती, ठेवलं सांगून. घोंगड्याला मेंढराचा वास येतो. बाळाला खाज सुटेल. इंग्रजी दुपट्यावर धनगराचं घोंगडं कसं शोभेल? सरळ नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून माणूसच नाही म्हणून सांगितलं.

आणि पाठवणाऱ्याला परत आलं म्हणतात तर पाठवणारी मी इथं बसले आहे की. कुठं आहे ते?

१७ जानेवारी, शुक्रवार

बिरूला सांगितलं, बारशाला तुम्ही जा. मी येणार नाही. तो म्हणाला, "आये, नाव न्हाय ठेवायचं का पोरीचं?" मी म्हटलं, "ठिवा की. टेबलावर ठिवा. गादीवर ठिवा. माझ्या घोंगड्याबिगर ठिवायचं असंल तर माझ्याबिगरबी ठिवा."

इंद्रायणी डोळे पुसत आत गेली. कांदा चिरत होती, मला फसवायचं काम नाही.

ती लोकर पुन्हा कातरली जाणार नाही. बाकी काही नाही. कापड गेलं असतं तर दुसरं घेतलं असतं.

२० जानेवारी, सोमवार

पोस्टात गेले. भांडायलाच. शिवयोगीनं मला रांगेतच ओळखलं.

"या, बिरूच्या आई! किती शोधलं तुम्हाला!"

"मला? चोराच्या उलट्या बोंबा. माझं पार्सल कुटं हाय?"

त्यानं मागच्या कपाटातून काढलं. माझंच. मांजरपाट मळलं होतं, कोपऱ्याला काळं लागलं होतं, पण माझंच.

"आमचा पोस्टमन विजापूर रोडला तीनदा फिरला, आज्जी. बिरू विचारलं की बारा निघत्यात, म्हाळसाबाई विचारलं की मंदिर दावत्यात! उद्या ह्ये वरच्या कचेरीला जाणार हुतं. पत्ता लागत न्हाय ते सगळं तिकडं जातं, उघडत्यात, न्हाय कुणी आलं तर लिलाव."

"लिलाव? माझ्या घोंगड्याचा?"

"म्हणून तर म्हणत हुतो पूर्ण नाव लिवा. आता तरी सांगा, तुमचंच कशावरून?"

मी टाका दाखवला. धनगरी टाका, उलटी गाठ. तो म्हणाला, टाका चालत नाही, नाव पाहिजे, मधलं, आडनाव, सगळं. मागं रांग लागलेली. मी तोंड मिटून आधार कार्ड पुढं केलं. माझ्या तोंडाचं काम कार्डानं केलं. त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं, परत वाचलं, आणि हळूच म्हणाला, "अस्सं हाय व्हय." मग हसला नाही. सही घेतली, पार्सल दिलं.

"आज्जी, एक विचारू? ज्याला पाठीवलं त्या नातवाचं नाव काय?"

"आबा."

"शाळंत?"

"शाळा सुटली त्याची कवाच," म्हटलं आणि निघाले. ह्याला काय करायचं आहे माझ्या नातवाच्या शाळेशी? नको तेवढं विचारतो.

पार्सलावर लाल पेनानं लिहिलं आहे, 'सोसायटीत आबा नावाचा इसम नाही.' मी रिक्षात पाच वेळा वाचलं. अक्षर लागत होतं तरी वाचलं. माझ्या नातवाला इसम नाही म्हणतात.

२१ जानेवारी, मंगळवार

टाके तपासले. एकही उसवलेला नाही. म्हणजे हिनं उघडूनसुद्धा बघितलं नाही. बघून नको म्हटलं असतं तर मी समजले असते.

देवयानीचा दोनदा फोन आला. उचलला नाही. तिसऱ्यांदा इंद्रायणीनं उचलला आणि बाहेर जाऊन कुजबुजली. दोघी मिळालेल्या आहेत.

आबा काही फोन करत नाही. त्याला कामातून डोकं वर काढता येत नाही म्हणे. आजोबा तीनशे मेंढरं राखून घरी आले की सगळ्यांची नावं घेऊन विचारपूस करायचे. मेंढरांचीसुद्धा.

२३ जानेवारी, गुरुवार

ठरलं. पुण्याला जाणार. एकटी, न सांगता. सांगितलं की तयारी करतात. घोंगडं तिच्या पुढ्यात टाकायचं, विचारायचं, हे का नको होतं ते माझ्या तोंडावर सांग. ती जे सांगेल ते ऐकायचं, परतीची गाडी धरायची आणि त्या घराला कायमचा रामराम. बिरूला सांगितलं, मंद्रूपला भाचीकडं चालले.

२५ जानेवारी, शनिवार. हडपसर

गाडी सकाळची धरली. इंदापूरपर्यंत शेजारी एकजण माझ्या गाठोड्याकडं बघत होता. मी ते मांडीवरून खाली ठेवलं नाही. हडपसरला उतरले, रिक्षावाल्यानं दोन चकरा जास्त मारल्या असतील, पण सोसायटीच्या फाटकाशी सोडलं.

फाटक म्हणजे काय, तुरुंगाला असतं तसं. आत चार उंच बिल्डिंगी, एकीसारखी दुसरी. खुर्चीत वॉचमन. मी त्याला लांबूनच ओळखलं, म्हटलं हाच तो, ज्याला सांगून ठेवलेलं आहे.

"कोणाकडे जायचंय, आजी?"

"आबाकडं."

"कोण आबा?"

"माझा नातू."

तो उठला, वही बघितली. चांगलं बघितलं, बोट लावून. मग म्हणाला, "इथे आबा नावाचं कुणी नाही."

तेच शब्द. पण हा माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा डोळे फिरवतो, मला ते कळतं, जन्म गेला मेंढरांचे दलाल ओळखण्यात. हा बिचारा वहीत पुन्हा पुन्हा शोधत होता. म्हणाला, "मागे पोस्टमनपण असंच विचारत होता, गाडीवरूनच. आबा आहेत का, आबा आहेत का. मी म्हटलं, नाहीत बाबा. खरं नाव सांगा ना आजी, मग लगेच सापडेल."

फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसले. गाठोडं मांडीवर.

आबाला फोन लावला. वाजला, उचलला नाही. देवयानीचा नंबर माझ्या फोनात नाही, मीच घालू दिला नव्हता. बिरूला लावायचा तर मी मंद्रूपला आहे.

ऊन चढलं. वॉचमननं पाणी दिलं. मी विचारलं, "रोज कोण कोण येतं रं हितं पार्सल घेऊन?"

"लई येतात. तुम्ही सोलापूरकडच्या दिसता. एक मॅडम आहेत बी बिल्डिंगमध्ये. छोटं बाळ आहे त्यांचं. रोज खाली येतात, सोलापूरहून काही आलं का, धु..." आणि त्यानं ते नाव घेतलं, आडनावासकट. "ह्या नावानं काही आलं का, म्हणतात. बाळाला घेऊन येतात. मी रोज नाही सांगतो. वाईट वाटतं मला पण."

मी त्याला म्हटलं, "परत सांग काय म्हणत्यात त्या."

त्यानं परत सांगितलं.

पाणी पिऊन झालं होतं तरी मी गिलास हातात धरून बसले. दोन मोटारी आत गेल्या, एक बाहेर आली. मग मी उठले. उखाणा घालावा असं एकदा मनात आलं. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. लग्नात घेतला होता. पण वॉचमनपुढं उखाणा घेणारी बाई वेडी ठरेल.

सरळ म्हटलं, "धुळा. धुळा बिरुदेव बंडगर. मी त्याची आजी."

आभाळ पडलं नाही. वॉचमन म्हणाला, "अहो मग आधी नाही का सांगायचं! धुळा सरांची आजी!" आणि धावत आतला फोन लावायला गेला. त्यांच्या नावाला कुणी सर म्हणेल असं आमच्या ह्यांना कधी वाटलं नसेल. पायात चामड्याच्या वहाणा, डोक्याला लाल मुंडासं.

देवयानी खाली आली ती चपला न घालता. पोरगी काखेत. म्हणाली, "आजी! एकट्या? अहो सांगायचं तरी." माझ्या हातातलं गाठोडं बघितलं, वरचं माझं अक्षर वाचलं, खाली लाल पेनाचं वाचलं. हसायला लागली आणि हसता हसता डोळे भरले. मी म्हटलं, "हसू नगं. धर ह्ये."

तिनं वास घेतला. मी बघत होते, नाक मुरडते का.

"असाच वास हिच्या बाबाच्या जुन्या स्वेटरला येतो," म्हणाली. मग वर मान करून गॅलरीकडं ओरडली, "धुळा! आजी आल्यात! खाली ये!"

वरून कुणीतरी 'ओ' दिली. तो फोन न उचलता झोपला होता, रात्रपाळी करून. पायऱ्यांवर धपधप ऐकू आलं.

किती वर्षांनी त्या नावानं कुणी हाक मारली आणि कुणी 'ओ' दिली. वाईट वाटलं नाही. एवढंच लिहिते.

२६ जानेवारी, रविवार

बारसं झालं. घोंगड्यावर. बिरू आणि इंद्रायणी सकाळी आले. मंद्रूप कसं होतं, असं बिरूनं विचारलं. मी म्हटलं, लांब होतं.

देवयानीची मावशीपण आली होती. घोंगड्यापासून जरा लांबच बसली. तिच्याबद्दल माझं काही चुकलेलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सोलापूर

देवयानीनं फोनवर शेंगाची चटणी मागितली. खरंच हवी आहे की मला खूश करते, ते अजून ठरलेलं नाही. पाठवली.

पत्ता मी लिहिला. धुळा बिरुदेव बंडगर, बी बिल्डिंग, चौथा मजला. खाली, म्हाळसाबाई धुळा बंडगर. दोनदा लिहावं लागलं. पेन बरं नव्हतं.

शिवयोगीनं दोन्ही नावं वाचली आणि चष्मा काढला. "आता कसं बोललात, आज्जी! आता जगात कुटंबी जाईल ह्ये. मोबाईल नंबर?"

मी म्हटलं, "नाव दिलं न्हवं? आता नंबरबी पायजे? तुमी माणसं एक दिलं की दुसरं मागता."